'मि.' म्हणजे नक्की काय?



गेल्या पावसाळ्यात माझ्या आठ महिन्यांच्या नातवाला बरं नव्हतं आणि मला दोन दिवस माहेरी जाणं भाग होतं. डॉक्टरांनी सांगितलेला डोस चिठ्ठीवर लिहून मी फ्रिजला चिकटवला : '.५ मि. दोनदा'. दुपारी सुनेचा फोन आला, "आई, ड्रॉपरवर १ च्या पुढे खूणच नाही, मग ५ कसे देऊ?" पेनाचा टिंब उमटलाच नव्हता! शिवाय बाटलीवर मिलिग्रॅमही छापलेले आणि मिलिलिटरही. माझा 'मि.' त्यातला कुठला, हेही तिला कळेना. तिने विचारलं म्हणून बरं झालं.

चूक माझीच. बी.कॉम. झालेली मी, हिशेबाच्या वहीत आठ आणे कायम '०.५०' असेच लिहिते. औषध लिहितानाच शून्य जड झालं.

निजामपुऱ्यात भाजीवाला अजून 'पावशेर भेंडी' म्हणतो. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, म्हणजे खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. तो देतो २५०. १९५६ च्या कायद्याने किलो-मीटर आले, शेर गेला, पण शब्द जिभेवर राहिला. राहू दे की! तराजू डोळ्यांसमोर असतो. लिहिलेल्या चिठ्ठीसमोर तराजू नसतो आणि लिहिणारीही नसते.

म्हणून माझं मत असं, की घरातल्या लिखाणात एकक पूर्ण शब्दात लिहावं. भिवंडीत लूमवाल्याच्या चिठ्ठीत 'मी.' म्हणजे मीटर, आपल्या कृतीत तेच मीठ! (दोन मीटर मीठ घालणारी अजून भेटली नाही.) आकडा आणि एकक यांत थोडी जागा सोडावी, आणि एकाहून कमी असेल तर आधी शून्य द्यावं. 'ग्रॅम्स'ची तर गरजच नाही. आपण पाच किलोज कुठे म्हणतो?

जाऊबाई म्हणतात, स्वयंपाक अंदाजाचा असतो. मिठापुरतं मला मान्य आहे. पण ग्रुपवर '१ वाटी बेसन' येतं तेव्हा वाटी कुणाची? माझ्या सासूबाईंच्या पितळी वाटीत माझ्या दोन मावतात. वाटी लिहा, शेजारी ग्रॅमही लिहा. सामायिकाच्या दोन घडी म्हणजे ४८ मिनिटं, हे आपण मुलांना चोख शिकवतो. तिथे 'पाऊण-एक तास' आपल्यालाही चालत नाही.

आल्यावर मी नवी चिठ्ठी लावली : 'अर्धा (०.५) मिलिलिटर, ड्रॉपरने, सकाळी आणि संध्याकाळी'. सून म्हणाली, "एवढं मोठं?"

म्हटलं, फ्रिजवर जागा आहे.