पट्टीने तिरळेपणा जात नाही



‘पट्टी बांधा, डोळा सरळ होईल’ हा आपल्या अंकातील लेखाचा दावा पालकांची दिशाभूल करणारा आहे. पट्टी आळशी डोळ्याला कामाला लावते. बाहेर वळणारा डोळा ती जागेवर आणेलच असे नाही. माझी मुलगी उन्हात आली की एक डोळा मिटून घेते, दमली की तिचा डावा डोळा कानाकडे सरकतो. अशा अधूनमधून दिसणाऱ्या तिरळेपणावरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ३ ते १० वर्षांच्या मुलांना ५ महिने रोज ३ तास पट्टी लावली. त्यांच्यापैकी ०.६ टक्के मुलांचा तिरळेपणा बळावला. पट्टी न लावलेल्यांत ६.१ टक्के. म्हणजे पट्टीविनाही बहुतेकांचे बिघडले नाही. लेखात याचा उल्लेखही नाही! पालकांनी आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, पट्टीचे नंतर ठरवावे.

– एक पालक, सातारा