खडूचा डबा आणि आत्या

शनिवारी सकाळी दिवा-रोहा पकडली तेव्हा सॅकमध्ये लॅपटॉप नव्हता. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही, पण माझ्या ओळखीच्यांना विचारा... मी बाथरूममध्येही फोन घेऊन जाणारी मुलगी! सॅकमध्ये होता बारा रंगांच्या तेलखडूंचा डबा आणि चित्रकलेची वही. चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध आठवीतला. एलिमेंटरीला बसले, स्थिरचित्रातला तांब्या उभा आहे की पडतोय हे परीक्षकांना कळलं नाही, आणि विषय संपला.

मग हे खडू कशाला? सांगते.

मार्च महिन्यात एका क्लायंटच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये अचानक छाती धडधडायला लागली. हात गार, घाम, श्वास पुरेना. वाटलं, संपलं सगळं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, 'पॅनिक अटॅक.' फ्रीलान्सिंग म्हणजे डोक्यावर बॉस नाही, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात पाच बॉस असतात आणि पैसे एकाचेही वेळेवर येत नाहीत. महिनाभरात आणखी दोनदा तसंच झालं, तेव्हा मैत्रिणीने काउन्सेलरचा नंबर दिला. घरी काही बोलले नाही. घरी काय सांगणार, 'आई, मला लिफ्टची भीती वाटते'?

पहिली दोन सेशन्स मी फाडफाड बोलले. पत्रकार आहे ना, मुद्देसूद! तिसऱ्या वेळी शब्दच फुटेना. तेव्हा तिने कागद आणि खडू पुढे सरकवले. म्हणाली, 'आत जे चाललंय त्याला रंग दे. सुंदर नको.' मी एक काळा गोळा काढला, घासून घासून. कडेला नारिंगी रेघ. याचा अर्थ अमुक आणि त्याचा तमुक, असं ती काही म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, 'हा कोपरा कोरा ठेवलास?' आणि मला जे रडू आलं, ते अर्धा तास थांबलं नाही. कारण तो कोपरा घरचा होता, हे मला तिने विचारल्यावरच कळलं.

घरी आल्यावर सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. 'आर्ट थेरपी' हा शब्द 1942 मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिलने वापरला. तो स्वतः क्षयासाठी सॅनिटोरियममध्ये पडून होता, तिथे चित्रं काढायला लागला आणि मग इतर रुग्णांनाही त्याने पेन्सिली धरायला लावल्या. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 39 मोठी माणसं, माती, मार्कर, कोलाजचे कागद आणि 45 मिनिटं. त्यानंतर सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हॉर्मोन, कमी झालं होतं. चित्रकला येणारा आणि न येणारा यात विशेष फरक पडला नाही. (एलिमेंटरीच्या परीक्षकांनी नोंद घ्यावी.) पण उरलेल्या पंचवीस टक्क्यांचं काय? हा प्रश्न मला चिकटून राहिला.

आपल्याकडे मनाच्या कामाला मोठी परंपरा आहे. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, व्यसनमुक्तीसाठी. अवचट स्वतः ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये आयपीएच सुरू केली आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणं हे 'वेड लागलंय' असं नसतं, हे निदान ठाणेकरांच्या तरी गळी उतरवलं.

आणि दुसरीकडे आपले वीकेण्डचे फंडे! कॅफेमध्ये दोन तास, एक कॅनव्हास, सोबत कोल्ड कॉफी, पोस्टरवर 'आर्ट थेरपी वर्कशॉप'. मी अशा दोन ठिकाणी जाऊन आलेय. मजा येते, फोटो झकास येतात. पण शेजारी बसलेली मुलगी रंगवता रंगवता रडायला लागली, तेव्हा शिकवणाऱ्या मुलाने तिला टिश्यू दिला आणि म्युझिक मोठं केलं. त्याचा तरी काय दोष, तो चित्रकार होता. म्हणून 'थेरपी' लिहिलेलं दिसलं की आधी विचारा, तुमचं शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. विचारायला लाजू नका, मोबाइल घेताना आपण वॉरंटी विचारतोच की.

तर, ट्रेन. जायचं होतं अष्टमीला, आत्याकडे. पण मध्ये पेणला उतरले. गणपतीला दोन महिने होते, आणि माझ्या डोक्यात एक भारी कल्पना होती: वर्षभर मातीत हात असणारी माणसं किती शांत असतील! एका कारखान्यात शिरले. फळ्यांवर रांगेने पांढरे गणपती, दारात ओल्या शाडूचा वास. एक मूर्तिकार डोळ्यांची आखणी करत होते. पापणीची ती रेघ होईपर्यंत मी श्वास धरून उभी. मग विचारलं, 'दादा, या कामात मन शांत होत असेल ना?'

ते हसायलाच लागले. 'ताई, हात इथे असतो आणि डोकं ऑर्डरच्या वहीत. या दिवसांत रात्री झोप लागत नाही. पाऊस लांबला की मूर्ती सुकत नाही, आणि मूर्ती सुकली नाही की आम्ही सुकतो.'

'मग मन कशात रमतं?'

'भजनात. पखवाज वाजवतो. तिथे कोणी ऑर्डर देत नाही.'

माझी कल्पना तिथेच धुळीला मिळाली. पण एसटीत बसल्यावर वाटलं, त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मला वाचूनही कळलं नव्हतं. माती तीच. तिच्यावर तारीख आणि किंमत लागली की ते काम.

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. आत्याच्या अंगणात पूर्वी रोज ठिपक्यांची रांगोळी असायची. या वेळी अंगण नुसतंच शेणाने सारवलेलं. रात्री जेवणं झाल्यावर मी वही काढली आणि धीर करून सगळं सांगितलं. लिफ्ट, काउन्सेलर, कोरा कोपरा. वाटलं होतं, 'असलं काही नसतं गं, देवाचं नाव घे' असं म्हणेल.

ती म्हणाली, 'मला का नाही मिळाली अशी बाई?'

काका गेल्यावरचं वर्ष. सगळे सांगायचे, मन रमव, रांगोळी काढ. ती काढायची. 'हात चालायचा गं. एकवीस ठिपके, एकवीस ओळी. पण आतलं तसंच. येणारा जाणारा म्हणायचा, छान काढलीस. कुणी विचारलं नाही की आज कशी आहेस. मग सोडूनच दिली.'

पाच वर्षं झाली. दर गणपतीला मी त्या घरी मोदक खाऊन आलेय. मीसुद्धा विचारलं नव्हतं.

मी तिला टेलिमानसबद्दल सांगितलं. सरकारची सेवा, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली, नंबर 14416. पैसे लागत नाहीत, चोवीस तास.

'मराठीत बोलतात?'

'बोलतात.'

'बघू उद्या,' म्हणाली आणि दिवा मालवला.

सकाळी चहा घेताना भिंतीकडे लक्ष गेलं. कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, नंबर लिहिलेला होता. नारिंगी खडूने. डब्यातला तो खडू मात्र जागेवर नव्हता, आणि मी तो मागितला नाही.