औषधाच्या टाकीलाही हवा ग्लुकोमीटर

बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा, काही सेकंदांत साखरेचा आकडा समोर. अनेक पट्ट्यांवर हे काम ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम, म्हणजे विकर करते. घरात इतकी सोपी झालेली ही तपासणी औषध कारखान्यात मात्र अजून अवघड आहे.

स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधे जिवंत पेशींकडून तयार करून घेतात. या पेशी बायोरिॲक्टर नावाच्या टाकीत साधारण दोन आठवडे वाढवल्या जातात. साखर कमी पडली तर त्यांची उपासमार होते. जास्त झाली तर लॅक्टेट साचून वाढ खुंटू शकते. तापमान, आम्लता आणि विरघळलेला ऑक्सिजन टाकीत सतत मोजला जातो. साखर मात्र अनेक ठिकाणी दिवसातून एकदा-दोनदा नमुना काढूनच तपासतात. मधल्या तासांत काय झाले, याचा अंदाजच बांधावा लागतो.

विकरावर चालणाऱ्या संवेदकाची कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 मध्येच मांडली होती. मग अडले कुठे? पोलादी टाकी 121 अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेने निर्जंतुक करतात. विकर हे प्रथिन. उकडलेल्या अंड्यासारखी त्याची गत होते. शिवाय दिवसागणिक त्याची ताकद घटते, पडद्यावर प्रथिनांचा थर बसतो आणि आकडा हळूहळू चुकू लागतो. टाकीतला द्रव गाळून बाहेरच्या संवेदकाकडे नेणे हा एक मार्ग आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्यांमध्ये वाफेऐवजी किरणांनी निर्जंतुकीकरण होते, तिथेही वाव आहे. रामन वर्णपटाच्या पद्धतीला विकर लागत नाही, पण ती उपकरणे महाग आहेत.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की संशोधनाला पैसा देताना प्रश्न बदलायला हवा. स्वच्छ द्रावणात संवेदक किती सूक्ष्म मोजतो, एवढ्यावर शाबासकी नको. खऱ्याखुऱ्या टाकीत चौदाव्या दिवशी त्याचा आकडा बरोबर येतो का, हे विचारा. अशी चाचणी कंटाळवाणी असते, तिच्यातून झटपट शोधनिबंध निघत नाही. पण कारखान्याला उपयोग तिचाच.

गुणवत्ता शेवटी तपासून येत नाही, ती प्रक्रियेतच घडवावी लागते, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्येच मार्गदर्शक सूचनांत सांगितले. बिघडलेल्या प्रत्येक टाकीचा खर्च अखेर औषधाच्या किमतीत येतो आणि ती किंमत रुग्ण मोजतो.