खुडलेलीं फुलें आणि चार बोटें पाणी

इसवी सन २०१६ च्या चैत्रांत आम्हां लातूरकरांस पाण्याचें मोल नव्यानें कळलें. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी १० वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. त्यानंतर तिसऱ्या दिवशीं रामनवमी होती. माझी भगिनी नांदेडहून उत्सवाकरितां निशिगंधाच्या दांड्या घेऊन आली. रामास वाहून कांहीं उरल्या, तेव्हां सौ. म्हणाली, “माणसांना पाणी मिळेना, तुमच्या फुलांना कोठलें घालूं?”

प्रश्न रास्त होता. परंतु फूल पाणी पितें तें मुख्यतः देठाच्या छेदांतून. घागरभर पाण्यांत उभें केलें म्हणून अधिक पितें असें नाहीं. खुडतांच छेदांत हवा शिरते, पाण्यांत बुडालेलीं पानें कुजून जंतु माजतात, देठांतील सूक्ष्म नलिका तुंबतात, आणि फूल पाण्यांत उभें असूनहि तहानेनें मरतें.

मीं अरुंद तोंडाचा गडू घांसून घेतला, त्यांत चार बोटें पाणी घातलें, खालचीं पानें काढलीं आणि धारदार चाकूनें देठ तिरपे कापून लगेच पाण्यांत ठेविले. रोज सकाळीं पाणी बदललें, टोंक पेरभर पुन्हां कापलें, सुकलेलीं फुलें खुडून टाकलीं. काढलेलें पाणी तुळशीस घातलें. पांचव्या दिवशींहि शेंड्याच्या कळ्या उमलत होत्या!

कित्येक भगिनी पाण्यांत साखर घालतात. साखर फुलास पोषक खरी, पण नुसती घातल्यास जंतूंचेंच आधीं फावतें. तांब्याचा पैसा टाकण्याची जुनी रीत निरर्थक नव्हती, कारण तांबें जंतूंस मारक आहे. मात्र आजचे रुपये पोलादाचे, ते टाकून काय उपयोग?

फुलें उन्हांत वा पंख्याखालीं ठेवूं नयेत. अर्धापूरच्या केळ्यांचा घड घरीं पिकत असेल तर गुलाब त्याजवळ नसावेत. पिकत्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो, त्यानें फुलें लवकर म्हातारीं होतात. मोगऱ्याचा गजरा ओलसर फडक्यांत गुंडाळून, डब्यांत घालून शीतपेटींत ठेवावा.

देवपूजेस मात्र आदल्या दिवशींचीं फुलें पर्युषित म्हणून वर्ज्य होत. तुळस व बेल यांस तो दोष नाहीं. त्या आठवड्यांत देवांस तुळशीपत्र वाहिलें, आणि निशिगंधाचा गडू बैठकींत राहिला.