मापे बदलली, हक्क उरला

अमेरिकेत १९८१ साली आलेली ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली माउंटन बाइक मानली जाते. पुढील दशकातील अशा पोलादी फ्रेमच्या सायकली आज अडगळीत पडल्या आहेत. शर्यतीच्या सायकलीचे खाली वळलेले हँडल बसवून त्यांना दूरच्या प्रवासास सिद्ध करणारे हौशी लोक मात्र पश्चिमेकडे आहेत. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. माउंटन बाइकच्या हँडलची जाडी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर, तर वळलेल्या हँडलची २३.८; त्यामुळे ब्रेकचे लिव्हरही बदलावे लागतात. तरीही ते साधते, कारण त्या काळातील मापे बऱ्याच अंशी समान होती.

पुढे आसांची मापे वारंवार बदलली, २६ इंची चाक मागे पडले आणि धडधाकट फ्रेमही निरुपयोगी ठरू लागली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. त्यात बॅटरीवरील सायकलींना स्थान मिळाले. साधी सायकल बाहेरच राहिली. परंतु ती यादीत आली, तरी तेवढ्याने भागणार नाही. जुळणारा सुटा भागच बाजारात नसेल, तर हा हक्क कागदावरच राहील. मापांचे स्थैर्य हाच त्याचा खरा पाया होय. कायदेकर्त्यांनी प्रथम तिकडे लक्ष द्यावे.