बी चालतं, मग पान का नाही?

आज पाणीपट्टी नाही की रस्ता नाही. एका पाल्यावर लिहितोय. यात राजकारण आहे की नाही ते वाचून तुम्हीच ठरवा.

शहरातल्या मॉलमध्ये प्लास्टिकच्या डबीत 'बेसिल' नावाची पानं मिळतात. पिझ्झावर असतात, पास्त्यात असतात. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना वाटतं, हे काहीतरी इटलीहून आलेलं प्रकरण आहे. तर बेसिल म्हणजे सब्जा. उन्हाळ्यात सरबतात, दुधात, फालुद्यात जे काळं बी फुगून बुळबुळीत होतं, तेच. शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम, १७५३ साली लिनियसने दिलेलं. आपल्या दारातली तुळस याच कुळातली, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. दोघी सख्ख्या नाहीत, चुलत म्हणा.

आता कुणी म्हणेल, इटलीचं बेसिल आणि आपला सब्जा एकच कसा, वास तर वेगळा येतो. येतोच. हापूस आणि रायवळ दोन्ही आंबेच, पण चव एक आहे का? जात एक, वाण निराळे. इटलीच्या वाणाला गोडसर, लवंगेच्या जवळ जाणारा वास असतो. किराण्यातल्या सब्जाच्या पुडीतून जे उगवतं त्याला बहुतेक वेळा बडीशेपेचा वास येतो, कधी लिंबाचा, कधी कापराची झाक. पुडीत काय निघेल सांगता येत नाही, आणि मला विचाराल तर त्यातच मजा आहे. पहिल्यांदा रोपाला वरून हात फिरवला तेव्हा बोटांना जो वास लागला तो दुपारपर्यंत गेला नाही. बातम्या टाइप करताना मध्येच बोटं नाकाशी नेत होतो.

तर मुद्दा असा. मी दोन कुंड्या दाराशी ठेवल्या. आठ-दहा दिवसांत शेजारच्या काकू आल्या, पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर दर्ग्याबाहेर मिळतो तो सब्जा. कबरीवर लावतात. दारात कशाला लावलास?"

काकूंचं निरीक्षण चुकीचं नाही. आमच्या तालुक्याच्या गावात उरुसाला गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर सब्जाच्या हिरव्या डहाळ्या विकायला असतात. कब्रस्तानातही लोक लावतात. अरबीत याला रैहान म्हणतात आणि सुगंधी रैहानचा उल्लेख कुराणात आहे, म्हणून हा मान. पण याच काकू दर चैत्रात सब्जाचं बी भिजवून दुधात घालून पितात, नातवंडांना पाजतात, 'उष्णता कमी होते' म्हणून सगळ्या गल्लीला सांगतात. मी म्हटलं, "काकू, बी चालतं, मग पान का नाही?" काकू हसल्या. उत्तर दिलं नाही, पण कुंडी हलव असंही म्हणाल्या नाहीत.

दर्ग्याबाहेर फुलं विकणाऱ्या चाचांनाही विचारलं, तुम्ही खाता का हो हा पाला? ते म्हणाले, "साहेब, हम खाते नहीं, सूँघते हैं." म्हणजे तिकडेही मानाचं पान, त्यामुळे ताटात नाही. आणि इकडे तुळस देवाची, म्हणून तीही ताटात नाही, फक्त नैवेद्यावर आणि काढ्यात. तुळशीबद्दल माझं काही म्हणणं नाही. थायलंडमध्ये तुळशीच्याच जातीचा पाला मिरची-लसणाबरोबर परततात, त्यांचा तो रोजचा पदार्थ. आपल्याकडे तुळस वृंदावनात आहे, तिथेच असू द्या. पण सब्जाला ना वृंदावन, ना कुणाची बंदी. तरी त्याला आपल्या स्वयंपाकघरात जागा नाही, कारण एकाने त्याला 'त्यांचं' ठरवलं आणि दुसऱ्याने 'फॉरेनचं'.

मागे आमच्याच गावातल्या एका ओळखीच्याने पुण्याहून कुंडी आणली आणि फोटो टाकला, 'माय इटालियन हर्ब गार्डन'. दीडशे लाइक. त्याच आठवड्यात दर्ग्याच्या भिंतीला लागून तोच पाला ढीगभर वाळत पडला होता. ज्या मिरचीशिवाय आपला घास उतरत नाही ती आणि टोमॅटो दोन्ही पोर्तुगीजांच्या मागोमाग अमेरिकेतून आले. त्यांना आपण जात-धर्म-देश काही विचारलं नाही. आशिया-आफ्रिकेच्या गरम हवेत वाढणाऱ्या, आपल्या किराण्यात कायम असलेल्या झाडाला मात्र ओळखपत्र मागतो!

असो. आता त्या मॉलच्या डबीविषयी, कारण लोकांचा गैरसमज तिथूनच सुरू होतो. 'आणलं होतं रे एकदा, काळं पडलेलं होतं, गवतासारखं लागलं,' असं तीन जणांनी मला सांगितलं. लागणारच. हा उष्ण हवेतला पाला आहे. साधारण दहा-बारा अंशांच्या खाली गेला की पानं काळी पडायला लागतात. कोथिंबीर फ्रीजमध्ये टिकते, हा टिकत नाही. आणि आपल्याकडे माल पोचतो कसा? पहाटे तोडणी, मग थंड गाडी, मग दुकानातलं फ्रीज, मग तुमचं फ्रीज. म्हणजे टिकवण्यासाठी जे जे करतात त्यानेच तो मरतो. त्यामुळे चांगलं बेसिल पैसे देऊनही सहसा मिळत नाही. ते कुंडीतून तोडून पाच मिनिटांत ताटात पडलं तरच काय ते कळतं. श्रीमंताला न मिळणारी गोष्ट गरिबाच्या पत्र्याच्या डब्यात उगवते, अशी उदाहरणं फार नसतात. (जास्त तोडला गेलाच तर फुलांसारखा पाण्याच्या पेल्यात उभा ठेवा, ओट्यावर. चार-पाच दिवस राहतो, आणि खालून मुळं फुटली तर ती काडी पुन्हा मातीत लावता येते.)

लावायचं कसं? किराण्यातून सब्जाची छोटी पुडी आणा. बी पुरायचं नाही, ओल्या मातीवर भुरभुरायचं आणि वरून चिमूटभर माती. पाणी लागलं की प्रत्येक बियाभोवती पांढरट जेली येते, बुरशी समजून फेकू नका. गरम हवेत आठवड्याभरात अंकुर दिसतात. बी फार जुनं असेल तर येत नाही, दुसऱ्या दुकानातून आणा. कुंडीला खाली भोक हवंच, पाच-सहा तास ऊन हवं. रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की शेंडा खुडायचा. इथे आपल्या लोकांचा हात धजत नाही. पण खुडलं की तिथून दोन फांद्या फुटतात, दोनाच्या चार होतात. न खुडलेलं झाड उंच काडीसारखं होतं, मंजिरी धरतं आणि पान कडवट व्हायला लागतं. एखाद्या झाडाला मात्र फुलू द्या. मधमाश्या इतक्या येतात की सकाळचा चहा तिथेच घ्यावासा वाटतो, आणि पुढच्या वर्षाचं बी फुकट मिळतं. पावसाळ्यात जपावं लागतं. पानाच्या मागे राखाडी-जांभळट लव दिसली की ते झाड उपटून लांब टाका, बाकीची वाचतील.

आता खाण्याचं. एकच नियम: हा पाला शिजवायचा नाही. उकळलं की वास गेला. टोमॅटोचं सार गॅसवरून उतरवलं की मग हाताने फाडून टाकायचा आणि झाकण ठेवायचं. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीत कोथिंबिरीच्या जागी. उकडलेल्या बटाट्यावर मीठ आणि थोडं कच्चं तेल घालून. लिंबाच्या सरबतात पान चुरगाळून टाकायचं आणि वरून त्याचंच भिजवलेलं बी. इराणी लोक तर जेवताना हिरवा पाला जुडीने शेजारी ठेवतात, त्यात हा असतोच, आणि आपण कांदा खातो तसा कच्चा खातात.

पण खरा शोध चटणीचा. इटलीतल्या जिनोआ शहराची 'पेस्टो' नावाची चटणी जगभर गेली. बेसिल, लसूण, चिलगोजासारखं बी, मीठ, ऑलिव्हचं तेल, वर मुरवलेलं चीज, सगळं दगडी खलात लाकडी दांड्याने कुटायचं. पेस्टो या शब्दाचा अर्थच 'कुटलेलं', 'ठेचलेलं'. म्हणजे ठेचाच की हो! तर आपण ठेचा करावा. दोन मुठी पानं, मूठभर भाजलेले शेंगदाणे, लसणाच्या तीन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ, घाण्याचं शेंगदाणा तेल, लिंबाचे चार थेंब. खलबत्त्यात आधी लसूण-मीठ, मग दाणे, शेवटी पानं. मिक्सरला लावलं तर पानं गरम होऊन काळवंडतात. मिरची एकच घाला, नाहीतर बाकी काही कळत नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर ही चटणी आणि वर तेलाची धार! आमच्या घरात बाहेरचं काही खायला तयार नसलेल्या ज्येष्ठांनी दुसरी भाकरी मागितली. याहून मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

त्या जिनोआवाल्यांचं एक मात्र घेण्यासारखं आहे. आपल्या भागातल्या बेसिलला त्यांनी २००५ मध्ये युरोपचं संरक्षित नाव मिळवलं. आपल्याकडेही भिवापूरच्या मिरचीला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला, जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते प्रमाणपत्र किती शेतकऱ्यांच्या खिशापर्यंत पोचलं हा वेगळ्या पोस्टचा विषय. सब्जाचं बी आपण वर्षानुवर्षं विकत घेतो, त्याचा पाला शेतात काय होतो याची चौकशीही करत नाही. तालुक्याच्या बाजारात मेथीच्या जुडीशेजारी सब्जाची जुडी पाच-दहा रुपयांना का मिळू नये? आज तोडली, आज विकली, थंड गाडीची भानगडच नाही. हा माल छोट्या गावाच्या बाजाराचाच आहे.

दुसरं, शाळांचं. पोषण परसबागांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहेत. आमच्याकडच्या काही शाळांत बाग झाली, काही ठिकाणी फक्त फलक झाला. जिथे बाग आहे तिथे सब्जाचा एक वाफा टाकायला खर्च एका पुडीचा. खिचडीवर पोरांनी स्वतः खुडलेली चार पानं पडली तर खिचडीचा वास बदलतो, आणि वासावर पोरं जेवतात हे कुठल्याही आईला विचारा. शाळेला आवार असेल तर. नवीन इमारतींना हल्ली इंच न् इंच पेव्हर ब्लॉक लागतो. घरांचंही तेच, अंगणात चिखल नको म्हणून मातीच नको. मग झाड म्हणून काय तर रंगीत पानांची शोभेची रोपं, ज्यांना वास नाही, फळ नाही आणि हात लावला की माळी ओरडतो.

काकूंच्या दारात अजून सब्जा लागलेला नाही, पण त्या परवा येऊन आठ पानं घेऊन गेल्या. सारात घालायला.

माझ्याकडे सध्या वीसेक रोपं तयार आहेत. ज्यांना हवीत त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं आणि येताना स्वतःची पिशवी किंवा जुना डबा आणावा. चहाच्या कागदी कपात नेलेली दोन रोपं वाटेतच मोडली.