पाट्या रंगवणारा ऑक्टोपस

प्रत्येक ऑफिसात एक तरी गिटार असतेच. टेबलावर नाही हो, बोलण्यात! शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी सुस्कारा सोडतं, "कॉलेजात असताना काय वाजवायचो यार..." पुढचं वाक्यही ठरलेलं. "एक दिवस देणार हे सगळं सोडून!" मग सोमवार येतो, अप्रेझल येतं, फ्लॅटचा हप्ता येतो. गिटार माळ्यावरच राहते.

आमच्या केडगावातही असे माळे पुष्कळ आहेत. पुण्याहून नगरला येताना शहराच्या तोंडाशी लागतं ते केडगाव, रेणुकामातेचं. इथली बरीच पोरं नोकरीला पुण्यात आणि वीकएण्डला आईच्या हातचं खायला घरी. माझा एक मित्र त्यातलाच. कॉलेजात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, गेली आठ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. मध्यंतरी त्याने घरी जाहीर केलं, राजीनामा देतोय, जॅझ वाजवणार. झालं, घरात भूकंप! काकांनी मला गाठलं, "तू तरी समजाव रे त्याला." तो म्हणाला, "तू बाबांना समजाव." आता मी कुणाची बाजू घेणार? मी दोघांना समोर बसवलं आणि टाल फार्लोची गोष्ट सांगितली.

आधी काकांसाठी जॅझ म्हणजे काय ते. गवई बंदिश मांडतो आणि मग त्यात उपज करत जातो ना, साधारण तसं. धून ठरलेली, तिच्याखालची कॉर्ड्सची साखळी ठरलेली. पुढे तिथल्या तिथे सुचेल ते वाजवायचं. पण आयत्या वेळी सुचावं आणि सुचलेलं बोटांनी ऐकावं, यासाठी रियाज मात्र रोजचा.

तर हा टाल फार्लो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा, जन्म 1921 चा. धंद्याने पेंटर. म्हणजे चित्रकार नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. फ्लेक्स येण्याआधी आपल्याकडे गॅरेजच्या बोर्डावर खाली कोपऱ्यात ज्याचं नाव असायचं, तसला पेंटर. रेडिओवर चार्ली ख्रिश्चनची इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि गडी वेडा झाला. आपलं आपणच शिकला. पंजा इतका मोठा आणि इतका चपळ की लोक त्याला 'ऑक्टोपस' म्हणायचे. 1950 च्या सुमारास तो रेड नॉर्व्होच्या त्रिकुटात होता. नॉर्व्होचा व्हायब्राफोन, चार्ल्स मिंगसचा बेस, याची गिटार. ड्रम्स नाहीतच! तरी वेग असा, की ऐकताना आपल्यालाच धाप लागते.

आणि ऐन भरात असताना, 1958 मध्ये या माणसाने लग्न केलं, न्यू जर्सीतल्या सी ब्राइट नावाच्या समुद्रकाठच्या गावात बिऱ्हाड थाटलं आणि पुन्हा ब्रश हातात घेतला. पाट्या रंगवायला! मग 1969 मध्ये रेकॉर्ड आली, 'द रिटर्न ऑफ टाल फार्लो'. पुढे 1981 मध्ये त्याच्यावर डॉक्युमेंटरीही निघाली.

"बघा बाबा, परत येता येतं!" मित्र खूश. "बघ, पोटापाण्याचा धंदा होता म्हणून निभावलं," काकाही खूश. दोघांनीही सोयीचं तेवढंच ऐकलं. खरी गंमत मधल्या दहा-अकरा वर्षांत आहे. त्या काळात तो गावातल्या आसपासच्या ठिकाणी वाजवत होताच. 1962 मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्या नावाची गिटार बाजारात आणली, तेव्हाही साहेब पाट्याच रंगवत होते. त्याने सोडला होता तो शोजचा धंदा. गिटार हातातून सुटली नव्हती. म्हणून तर रिटर्न जमलं.

दुसरा वेस मॉन्टगोमेरी. 1948 पासून दोन वर्षं लायोनेल हॅम्प्टनच्या मोठ्या बँडबरोबर गावोगाव फिरला आणि मग इंडियानापोलिसला घरी परतला. घरात खाणारी तोंडं बरीच. दिवसा फॅक्टरीत ड्यूटी, रात्री क्लबात गिटार. घरी सराव करताना आवाजाचा त्रास नको म्हणून पिक बाजूला ठेवून नुसत्या अंगठ्याने वाजवायचा. त्याच अंगठ्याचा तो मऊ, गोल आवाज पुढे जगभर त्याची ओळख झाला! 1959 मध्ये सॅक्सोफोनवाल्या कॅननबॉल अॅडर्लीने त्याला ऐकलं, रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीला सांगितलं आणि वयाच्या 36 व्या वर्षी गाडी सुटली.

काकांसाठी घरचंही उदाहरण होतं, डॉ. वसंतराव देशपांडे. लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षं नोकरी. 'कट्यार काळजात घुसली' 1967 चं, म्हणजे त्यातले खाँसाहेब रंगभूमीवर उभे राहिले तेव्हा वसंतराव 47 वर्षांचे. त्याआधी त्यांनी नोकरी सोडलेली होती, हे मुद्दाम सांगतो. राजीनामा कधीच देऊ नये, असं मी म्हणत नाहीये. नोकरी वेळ खातेच. वेस तर 1968 मध्ये 45 व्या वर्षी गेला. त्याची फॅक्टरीतली वर्षं कोण भरून देणार? पण या तिघांच्याही बाबतीत राजीनामा किंवा रिटर्न ही पुढची गोष्ट. त्याआधी कितीतरी वर्षं, कुणी बघत नसताना, सूर चालू होता.

मी मित्राला एकच विचारलं, "शेवटचं कधी वाजवलंस?" तो गप्प. माळ्यावरून गिटार काढली तर तारा गंजलेल्या. नव्या तारा चढवल्या आणि दहा मिनिटांत बोटांची टोकं लाल! तारांनी पडणारे घट्टे केव्हाच गेले होते. ते पुन्हा यायला रोज वाजवत काही आठवडे काढावे लागतात. तिथे अनुभवाचं सर्टिफिकेट चालत नाही, बॉस.

तेव्हा सध्या असं ठरलंय. सहा महिने रोज चाळीस मिनिटं, नोकरी सांभाळून. मग राजीनाम्याचं बोलू. काकांचं टेन्शन पूर्ण गेलेलं नाही, जाऊही नये. जॅझच्या जोरावर घर चालवणं पुण्या-मुंबईतही सोपं नाही. पण परवा त्याच्या खोलीतून रात्री आवाज येत होता आणि काकांनी टीव्ही स्वतःहून बारीक केला. केडगावच्या मानाने ही प्रगती मोठी आहे.

आता तुमचं काय? गिटार नसेल तर तबला असेल, कॅमेरा असेल, अर्धवट राहिलेली कादंबरी असेल. 'एक दिवस' कॅलेंडरवर छापलेला नसतो, मंडळी. आज रात्री जेवण झाल्यावर चाळीस मिनिटं मात्र असतात. पिक सापडत नसेल तर अंगठा आहेच.